पाथरखेडची शून्यत्रुटी

पडद्यावरचा लंबक कधी चुकत नसे. मुलांनी डोळ्यांना आभासी प्रयोगांचा चष्मा लावायचा, हवेत बोट फिरवायचं, की लंबक झुलू लागे आणि गुरुत्वाचं उत्तर ९.८ असं टापटिपीने समोर येऊन उभं राही. ना दोरा तुटे, ना वारा लागे, ना गोळा कुणाच्या पायावर पडे. सरकारपासून पालकांपर्यंत सगळे खूश होते. मग त्या चष्म्यांवर शिकलेली पहिली पिढी कामाला लागली आणि लोकांच्या ध्यानात आलं, की पोरांना सगळं येतं, फक्त स्क्रू आवळता येत नाही. थर्मामीटरवर भलताच आकडा दिसला, की ही मंडळी थर्मामीटर बंद करून पुन्हा चालू करायला बघत.

तेव्हा कुठे चष्मे कपाटात गेले आणि खऱ्या भिंगांना, चुंबकांना, तारांना बरे दिवस आले. ‘हातप्रयोग’ नावाच्या न्यासाने गावोगावच्या शाळांना भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा द्यायचं ठरवलं. नुसतं साहित्य देऊन हात झटकायचे नाहीत, तर प्रत्येक तालुक्याला एक माणूसही द्यायचा. त्याला म्हणायचं ‘सोबती’. काही मोडलं, अडलं, समजलं नाही, की सोबत्याला हाक मारायची आणि त्याने हत्यारांची पिशवी घेऊन यायचं, अशी ही योजना.

वणीच्या पलीकडे, जुन्या कोळसाखाणींच्या पट्ट्यात पाथरखेड नावाचं गाव आहे. खाणी बंद पडून जमाना झाला. तिथल्या शाळेत ही प्रयोगशाळा आली ती देवतळे सरांच्या खटपटीमुळे. देवतळे सर मुख्याध्यापक. त्यांनी अर्ज केले, चपला झिजवल्या, गावाकडून प्रयोगशाळेला हॉल बांधून घेतला. आणि साहित्याचे खोके उतरले त्या दिवशी एका स्प्रिंगला हात लावून ते लहान मुलासारखे रडले.

आता सरांची एक खोड सांगायला हवी. त्यांच्या उमेदीत साऱ्या शाळेत मिळून एक स्टॉपवॉच होतं, तेही अधूनमधून झोपणारं. बाहेरून परीक्षक यायचा आणि उत्तर बरोबर नसलं, की मुलांचे गुण कापायचा. बिचारी पोरं करतील काय? सरांनी त्यांना युक्ती शिकवली: आधी पुस्तकातलं उत्तर घ्यायचं, मग उलटं गणित करून त्याला शोभेल असं रीडिंग लिहायचं. “उत्तर ठरलेलं असते, रीडिंग आपलं असते,” हे त्यांचं वाक्य गावातल्या तीन पिढ्यांना पाठ होतं. या युक्तीवर कितीतरी मुलं पास झाली. त्यांतलीच एक वैजयंती पिदूरकर. ती आता त्याच शाळेत विज्ञान शिकवत होती आणि प्रयोगशाळा तिच्याच ताब्यात होती.

साहित्यात सगळ्यांत मानाची वस्तू होती गुरुत्वपेटी. दिसायला पिठाच्या डब्याएवढी, पण आत कारभार मोठा. लेसरच्या उजेडाने थंड केलेले मूठभर अणू पोकळीत वर उडवायचे आणि खाली पडू द्यायचे. ते किती वेगाने पडतात, हे पेटी इतकं बारीक मोजते की गुरुत्वाचा आकडा दशांशचिन्हानंतर आठ-नऊ घरांपर्यंत मिळतो. लंबकाने मुलांना ९.८ च्या आसपास उत्तर मिळायचं, मग पेटीशी ताडून बघायचं, असा पाठ होता. पूर्वी असं यंत्र मोठ्या संस्थांतच असे. आता ते स्वस्त झालं होतं.

पण आठ घरं मोजून करायचं काय? तर पृथ्वी सगळीकडे सारखी ओढत नाही. पायाखाली जड खडक असेल तर आकडा जरा वाढतो, माती पोकळ असेल तर जरा घटतो. जमिनीत पाणी मुरलं की वाढतो, विहिरी आटल्या की उतरतो. डोक्यावरचा चंद्रसुद्धा त्यात ढवळाढवळ करतो, पण त्याचा हिशेब पेटी स्वतःच वजा करते. तालुक्यातल्या साऱ्या शाळांनी रोज आकडे घेतले, तर जमिनीखालचं पाणी कुठे वाढलं आणि कुठे घटलं, याचा नकाशा तयार होतो. न्यासाची अट एवढीच, की आकडा मुलांनी स्वतः वाचायचा आणि स्वतः लिहून पाठवायचा. यंत्राने परस्पर पाठवला तर पुन्हा चष्म्याचाच खेळ व्हायचा.

पहिलं वर्ष झकास गेलं. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर पाथरखेडचा आकडा घसरायला लागला. आधी आठवं घर हललं, मग सातवं. वैजयंतीने पेटी पुसली, पाय समतल केले, खिडक्या लावून घेतल्या. काही उपयोग झाला नाही. त्यात शिक्षकांत एक गोष्ट पसरली होती. शेजारच्या एका शाळेचे आकडे असेच भरकटले, आणि एक दिवस गाडी येऊन त्यांची पेटी घेऊन गेली म्हणे! ज्यांना नीट सांभाळता येत नाही, त्यांच्याकडून काढून दुसऱ्या शाळेला द्यायची, असा नियमच आहे म्हणे. हे ‘म्हणे’ कुणी तपासलं नव्हतं, पण भीती तपासून थोडीच वाटते!

ती सरांकडे गेली.

“अवो, घाबरते कायले?” सर म्हणाले. “शून्यत्रुटी आहे ती. वजा करून टाक.”

शून्यत्रुटी शाळेत सगळेच शिकतात. स्क्रूगेज पूर्ण मिटवलं तरी काटा शून्यावर येत नसेल, तर जेवढा फरक असेल तेवढा पुढच्या प्रत्येक रीडिंगमधून वजा करायचा. वैजयंतीला हे पटलं, म्हणजे तिने पटवून घेतलं. रोज सकाळी मुलं आकडा वाचत, ती ‘शून्यत्रुटी’ काढून देई, आणि न्यासाला गेल्या वर्षीचाच गुळगुळीत आकडा जाई. दर आठवड्याला ती त्रुटी थोडी थोडी वाढत होती, तिकडे मात्र तिने बघायचं टाळलं.

तालुक्याची सोबती होती नाझनीन पठाण. स्कूटरवरून यायची, वयाने तिशीच्या आतली, बोलायला मोकळी. पण शाळेच्या लेखी बाहेरून तपासायला येतो तो साहेब. नाझनीन येणार म्हटलं की गेटवर रांगोळी, गळ्यात हार, हातात नारळ आणि शाल. आणि जे जे मोडकं असेल ते सकाळीच हॉलमधल्या कपाटात कोंबून वर कुलूप. ती बिचारी तुटक्या तारा जोडायची सोल्डरिंगची इस्त्री घेऊन यायची, सगळं चकचकीत बघायची आणि शाल घेऊन परत जायची. तिच्या घरी शालींचा ढीग लागला होता आणि इस्त्री तशीच नवीकोरी.

उन्हाळा आला. देवतळे सरांच्या निवृत्तीचा समारंभ ठरला. मोठे पाहुणे येणार, ‘आदर्श प्रयोगशाळा’ अशी पाटी लागणार, सगळं गाव हॉलमध्ये मांडी घालून बसणार. त्यासाठी हॉलला चुना मारायला घेतला, तेव्हा पेटी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, जुन्या वर्गांच्या व्हरांड्यात नेऊन ठेवली.

व्हरांड्यात आठवडाभर आकडा ढिम्म हलला नाही. काल होता तोच आज. वैजयंतीला हायसं वाटलं, पेटी आपोआप सुधारली असं तिला वाटलं. चुना वाळला, पेटी हॉलमधल्या आपल्या खुणेवर परत आली. दुसऱ्या दिवशी मुलांनी वाचलं, तर आकडा चुन्याच्या आधीपेक्षाही खाली गेला होता.

“मॅडम,” नववीतली लतिका आत्राम म्हणाली, “पेटी बिघडली असन तर ती तिकडंही बिघडलेलीच पाह्यजे ना? इकडंच काहून बिघडते?”

वर्ग हसला. वैजयंती हसली नाही. तिच्या मनात पहिल्यांदा पाण्याचा विचार आला, पण पाणी खाली गेलं असतं तर साऱ्या मैदानात सारखंच गेलं असतं. एकट्या हॉलखालून पाणी कोण पिणार? “चला, मोजून पाहू,” ती म्हणाली.

मग पाथरखेडच्या नववीने आयुष्यातला पहिला खरा प्रयोग केला. मैदानावर आणि हॉलच्या फरशीवर चुन्याच्या रेघांनी चौकटी आखल्या. पेटीची उंची वीतभर बदलली तरी आकडा बदलतो, म्हणून गवंडी वापरतात ती पाण्याची लांब नळी आणून प्रत्येक जागेची उंची ताडली. पेटी एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत पालखीसारखी मिरवत गेली. आकडा कुणी चुकीचा वाचला तर बाकीची पोरं त्याच्यावर तुटून पडत. शेवटी फळ्यावर मैदानाचं चित्र निघालं. व्हरांडा सपाट, झाडाखालचा ओटा सपाट, गेट सपाट. हॉलच्या मधोमध मात्र आकडे परातीसारखे खोल गेलेले. परातीचा तळ बरोबर तिथे, जिथे समारंभाला गाव बसणार होतं.

जमिनीतून काहीतरी कमी झालं होतं आणि अजून कमी होत होतं. जुनी खाण नदीच्या अंगाला होती, असं सगळे म्हणत. कागदावर ती तिथेच संपत होती. पण कोळसा काढणाऱ्यांनी कागद वाचूनच काढला असेल, असं थोडंच आहे! खोल राहिलेल्या एखाद्या भुयाराचं छत ढासळत ढासळत पोकळी वर सरकत येत असेल तर? वैजयंतीच्या पायाखालची वाळू सरकली. आणि या बाईने महिनोन्‌महिने ती ‘त्रुटी’ म्हणून वजा केली होती!

ती तडक सरांच्या खोलीत गेली. सर भाषण लिहीत होते. तिने सगळं सांगितलं.

“आता?” सर उठून उभे राहिले. “कार्यक्रम तोंडावर आला, अन् तू मले सांगून राहिली का हॉलखाली पोकळ आहे?”

“हो सर. न्यासाला कळवावं लागेल. आपण पाठवलेले आकडे खरे नव्हते, हेही सांगावं लागेल.”

“म्हणजे पेटी जाईन. लॅब जाईन. अन् लोक म्हणतीन, देवतळेनं जन्मभर पोरायले खोटं शिकवलं.” सरांनी पेनाचं टोपण लावलं. “सातव्या घरातल्या आकड्यानं काय होते वैजू? काटा हालला एवढंच ना?”

हा माणूस नसता तर ती शिकली नसती, हे वैजयंतीला कधी विसरता आलं नव्हतं. तिच्या फ्रॉकला शाई लागली म्हणून स्वतःच्या रुमालाने पुसणारे हे सर. त्यांच्याशी वाद घालायचा म्हणजे घरातल्या देवाला पाठ दाखवायची.

“सर, शून्यत्रुटी यंत्रासोबत जाते,” ती म्हणाली. “पेटी हलवली, पण ही त्रुटी जागेवरच राहिली. म्हणजे ती यंत्राची नाही. हे मले तुम्हीच शिकवलं होतं, स्क्रूगेज हातात देऊन. अन् त्या फरशीवर गाव बसणार आहे.”

सरांनी भाषणाचा कागद उलटा ठेवला आणि तिच्याकडे पाठ करून खिडकीपाशी उभे राहिले. वैजयंती बाहेर आली, व्हरांड्यात थांबली आणि नाझनीनला फोन लावला. लॅब जाणार आणि सरही आपल्याला दुरावणार, असंच धरून तिने तो लावला होता.

दुसऱ्या दिवशी नाझनीन आली, तेव्हा सवयीने गेटवर रांगोळी होती. टेबलावर नारळ आणि शाल होती. सर समारंभी कोट घालून ताठ बसले होते, गुन्हेगार कोर्टात बसतो तसे. वैजयंतीने उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं: दिवाळीपासूनची घसरण, वजाबाकी, व्हरांडा, परात.

“आता नियमाप्रमाणं पेटी नेणार असाल तर न्या,” ती म्हणाली, “पण आधी हॉल बंद करायला सांगा.”

नाझनीन तोंड उघडं टाकून बघत राहिली. “कोणता नियम, मॅडम?”

“आकडे भरकटले की पेटी काढून घेतात तो. त्या शेजारच्या शाळेची नाही का नेली?”

“अवो, ती दुरुस्तीले नेली होती! झाली, अन् परतही देऊन आली मी.” नाझनीनने कपाळाला हात लावला. “आकडा भरकटला की मले बोलवायचं, म्हणून तर मी आहे ना बाप्पा! तुम्ही लोकं मले दरवेळी शाल देऊन वाटेला लावता. मले वाटे, पाथरखेडात काही मोडतच नाही.”

मग देवतळे सर उठले. खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून ते हॉलकडे निघाले. वैजयंती घाबरून मागे धावली, “सर, आत नका जाऊ!” पण सर भिंतीच्या कडेकडेने कपाटापर्यंत गेले, कुलूप काढलं आणि दोन्ही हातांत मावेल तेवढं घेऊन बाहेर आले. तुटलेला व्होल्टमीटर, वाकलेला चिमटा, बंद पडलेली तीन घड्याळं, तडा गेलेलं भिंग. सगळं त्यांनी नाझनीनपुढे ओट्यावर मांडलं.

“हे सगळं मोडलेलं आहे,” सर म्हणाले. “पहिल्या दिवसापासून लपवून ठेवलं होतं. अन् ही घ्या हॉलची किल्ली.”

नाझनीनने आपली नवीकोरी इस्त्री पिशवीतून काढली. तिच्या तोंडावरचा आनंद पाहून वैजयंतीला हसावं की रडावं कळेना.

त्यानंतर चक्रं भराभर फिरली. नाझनीनने दुसरी पेटी आणून, कडेला फळ्या टाकून पुन्हा मोजलं. परात तशीच निघाली. खरे आकडे, मुलांनी आखलेलं चित्र आणि वैजयंतीचा कबुलीजबाब एकाच दमात वर गेला, आणि खाणीच्या खात्यातली माणसं यंत्र घेऊन आली. त्यांनी हॉलच्या आत पाऊल न टाकता भिंतीबाहेरून तिरकं भोक पाडायला घेतलं. सारं गाव लांब दोरीपलीकडे उभं. “बाईनं गाजावाजा केला, आता निघते काय पाहू,” असं म्हणणारेही त्यात होते. माती निघाली, मुरूम निघाला, खडकाचा भुगा निघाला. वैजयंती देवाला काय मागावं याच्या पेचात पडली होती. पोकळी निघावी असं मागणं वाईट, आणि न निघावी असं मागावं तर तिची गावात शोभा होणार होती.

आणि यंत्राचा रॉड एकदम सुटला. घरघर थांबली. रॉड पुरुषभर खाली गेला आणि भोकातून थंड, कुबट हवा वर आली. चालवणाऱ्याने यंत्र बंद केलं आणि टोपी काढून हातात घेतली.

“हॉलच्या खालीच आहे,” तो म्हणाला. “अन् छत काही फार जाड राह्यलं नाही. हॉल भरला असता तर...”

कुणीतरी बाई हुंदका देऊन लेकराला छातीशी धरती झाली. मग सगळेच एकदम बोलायला लागले. वैजयंतीचा जीव भांड्यात पडला. ती तिथेच मातीत बसली. शेजारी कुणीतरी येऊन बसलं. कोटाला धूळ लागेल याची पर्वा न करता देवतळे सर बसले होते. त्यांनी आपला रुमाल तिच्यापुढे धरला. तिने त्याच रुमालाने आधी त्यांच्या कोटावरची धूळ झटकली.

भुयारात वाळू आणि पाणी सोडून ते भरायचं काम सुरू झालं. पेटी हॉलच्या भिंतीबाहेर ठेवली होती. मुलं रोज आकडा वाचत आणि आकडा रोज थोडा वर चढे. आजारी माणसाचा ताप उतरताना घरचे बघतात, तसं सारं गाव त्या सातव्या घराकडे बघत होतं. भाजी घ्यायला निघालेल्या बाया लतिकाला विचारत, “काय वो, आज किती?” ती ऐटीत सांगे. काहीही वजा न करता.

समारंभ झाला तो मैदानात, कडुनिंबाखाली. मोठे पाहुणे काही आले नाहीत, त्यांना दुसरीकडे जायचं होतं. कुणाला त्याचं वाईट वाटलं नाही. नाझनीन आली होती. या वेळी तिला शाल न देता मुलांनी पुन्हा एकदा बंद पडलेलं घड्याळ दिलं. भाषणाची वेळ आली तेव्हा सर म्हणाले, “भाषण मी फाडलं. प्रयोग करतो.”

कडुनिंबाच्या फांदीला दोरा बांधला, खाली गोळा टांगला. नाझनीनने दुरुस्त केलेलं स्टॉपवॉच सरांच्या हातात होतं. सर स्वतः मोजत होते. वारा होता, फांदी हलत होती, दोरा झोके घेता घेता गिरक्याही घेत होता आणि मधे एका कुत्र्याने गोळ्याला हुंगून पाहिलं. घड्याळाचं बटण दाबताना सरांचा हात जरा हलला. मोजून झालं, फळ्यावर गणित मांडलं. उत्तर आलं ९.३१.

सारं मैदान कुजबुजलं. तीन पिढ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पहिल्या रांगेतला एक जुना विद्यार्थी, आता नातवंडांचा आजा झालेला, न राहवून ओरडला, “सर, ९.८ पाह्यजे ना! रीडिंग बदलवा!”

लतिका सवयीने डस्टर घेऊन पुढे आली. सरांनी तो तिच्या हातातून घेतला, फळ्याकडे पाहिलं, वैजयंतीकडे पाहिलं. मग खडूने भरलेला तो डस्टर तसाच आपल्या नव्या कोटाच्या खिशात टाकला आणि ९.३१ च्या खाली ठळक रेघ मारली.

“वारा होता,” ते म्हणाले. “अन् म्हाताऱ्याचा हात हालला. पण हे माझं रीडिंग आहे, राहू द्या.”